निगेची अप्रतिष्ठा

किरणोत्सर्गी द्रव्यांचा विषय निघाला कीं आमच्या सुशिक्षित मंडळींत दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. पहिल्या पक्षास अणूच्या नांवानेंच कांपरें भरतें. त्याच्या दृष्टीनें अणु म्हणजे आधुनिक भस्मासुर; ज्यानें वर दिला त्याच्याच मस्तकावर तो एके दिवशीं हात ठेवणार, तेव्हां त्याला उंबऱ्याच्या आंत घेऊंच नये, एवढेंच या पक्षाचें तत्त्वज्ञान. दुसऱ्या पक्षाचा ऊर ट्रॉम्बेचा घुमट पाहून भरून येतो. प्रगतीच्या मार्गांत शंका काढणारा मनुष्य त्यास खपत नाहीं, आणि कोठें अपघात झालाच तर "कामगाराची चूक" या दोन शब्दांनीं प्रकरणाला फीत बांधून तो मोकळा होतो. या दोन पक्षांचें आपसांत हाडवैर असलें तरी एका बाबतींत त्यांचें पूर्ण ऐकमत्य आहे. यंत्राला तेल कोणी घातलें, मापकाची सुई कोणी पडताळून पाहिली, तुटलेली तार कोणी बदलली, आणि बदलली नसल्यास कां नाहीं, असले क्षुद्र प्रश्न दोघांनाही विचारावेसे वाटत नाहींत.

आम्हांस या लेखांत त्याच क्षुद्र प्रश्नांची बाजू घ्यावयाची आहे. आमचें म्हणणें असें कीं, ज्या अपघातांचा आम्ही पुढें उल्लेख करणार आहों, त्यांतील माणसें द्रव्याच्या गूढ शक्तीनें मेलीं नाहींत व कोणा एका अडाण्याच्या चुकीनेंही मेलीं नाहींत. निगा राखणें हें हलक्या माणसाचें हलकें काम होय, या एका प्रतिष्ठित समजुतीनें तीं मेलीं.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. क्ष-किरणांचें यंत्र बहुतेक वाचकांनीं रुग्णालयांत पाहिलें असेल. त्याची कळ बंद केली किंवा वीज गेली कीं तें एखाद्या कपाटाइतकेंच निरुपद्रवी असतें. किरणोत्सर्गी स्रोताची गोष्ट निराळी. कोबाल्ट-६० किंवा सीझियम-१३७ यांना कळ नसते. रात्रीं, सुटींत, संपाच्या दिवसांत, संस्थेचें दिवाळें निघाल्यावर, आणि त्या यंत्राची माहिती असलेला शेवटचा मनुष्य सेवानिवृत्त होऊन गांवीं गेल्यावरही त्यांतून किरण बाहेर पडतच असतात. त्यांना अडविणारें कांहीं असेल तर तें शिसें, काँक्रीट अथवा पाणी; आणि हें आवरण मनुष्य व स्रोत यांच्यामध्यें कायम राखणारीं दारें, कुलुपें, साखळ्या, मापकें आणि घंटा. इतर धंद्यांत देखभाल केली नाहीं तर यंत्र बंद पडतें. या धंद्यांत देखभाल केली नाहीं तर यंत्राचा रक्षक तेवढा बंद पडतो. यंत्राचा गाभा आपलें काम करीतच राहतो.

हीं यंत्रें कोठें दूरदेशीं आहेत असेंही नाहीं. ट्रॉम्बेच्या आयसोमेड केंद्रांत १९७४ पासून शस्त्रक्रियेचें साहित्य गॅमा किरणांनीं निर्जंतुक करण्यास आरंभ झाला. पुढें वाशीस मसाल्यांसाठीं, लासलगांवास कांद्याला मोड येऊं नयेत म्हणून तशींच केंद्रें उभीं राहिलीं, आणि २००७ सालीं लासलगांवच्या केंद्रांत किरण दिलेला हापूस अमेरिकेच्या बाजारांत गेला. कर्करोगाच्या उपचारांत कोबाल्टनें असंख्य घरांतील माणसें घरीं परत आणलीं आहेत. पोलादी नळांचे सांधे तपासण्यासाठीं इरिडियमची पेटी मोटारींत घालून या गांवाहून त्या गांवीं नेणारे लोक आमच्याच रस्त्यांवरून जातात. भस्मासुरवाद्यांना आमचें उत्तर एवढेंच कीं, तुम्ही ज्याला घरांत घेऊं नका म्हणतां तो केव्हांच घरांत येऊन बसला आहे. तुमच्या आईच्या शस्त्रक्रियेचे हातमोजेही कदाचित् त्याच्याच हातून येतात. त्याला बाहेर काढण्याच्या गोष्टी सोडा आणि त्याच्या खोलीचें दार नीट लागतें कीं नाहीं तें पाहूं लागा.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. "कामगाराची चूक" या शब्दांच्या पोटांत काय काय दडलेलें असतें, हें पाहावयाचें तर मध्य अमेरिकेंतील एल साल्व्हादोर या चिमुकल्या देशांत, सान साल्व्हादोर शहराजवळ, १९८९ च्या फेब्रुवारींत काय घडलें तें जरा सविस्तर सांगितलें पाहिजे. तेथील एका कारखान्यांत वैद्यकीय साहित्य कोबाल्टच्या किरणांनीं निर्जंतुक होत असे. रचना अशा सर्व कारखान्यांत असते तशीच होती. जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली, तिच्या जमिनींत पाण्याचा खोल हौद, आणि हौदाच्या तळाशीं एका चौकटींत बसविलेल्या कोबाल्टच्या कांड्या. काम चालू असतां ही चौकट पोलादी दोरानें वर उचलली जाते व मालाच्या पेट्या तिच्याभोंवतीं फिरत राहतात. माणसास आंत जावयाचें असेल तर चौकट पाण्यांत बुडालेली पाहिजे. ती बुडाली नसतां दार उघडूं नये म्हणून दाराचें कुलूप खोलींतील किरणमापकाशीं जोडलेलें असतें. या जोडणीस कारखान्यांत इंटरलॉक म्हणतात. मापकानें "आंत किरण नाहींत" अशी ग्वाही दिल्यावांचून दार उघडावयाचें नाहीं, हें तिचें सारें मर्म.

हें यंत्र १९७० नंतरच्या दशकांत कॅनडांतून आलें. पुढें देशांत यादवी पेटली. यंत्र पुरविणाऱ्यांचे तज्ज्ञ येईनासे झाले. आरंभीं शिकून तयार झालेले लोक निघून गेले. त्यांच्या जागीं आलेल्यांनीं जें शिकलें तें तोंडोतोंडीं शिकलें, आणि तोंडोतोंडीं चालत आलेल्या विद्येंतून प्रत्येक पिढीस कांहींतरी गळतें, हें आम्हां वेदपाठकांच्या देशांत निराळें सांगावयास नको. एके दिवशीं खोलींतील किरणमापकाचा मुख्य भाग बिघडला. तो दुरुस्त झाला नाहीं. काढून टाकण्यांत आला. तो गेला तो वर्षानुवर्षें परत बसलाच नाहीं. पण मग ग्वाहीवांचून दार उघडणार कसें? बाहेरच्या पेटीवरील कळा विशिष्ट रीतीनें दाबल्या असतां यंत्राची समजूत पटते, ही युक्ति सांपडली. ती एकानें दुसऱ्यास दाखविली. आणि कालांतरानें तीच दार उघडण्याची रीत होऊन बसली.

५ फेब्रुवारीस उत्तररात्रीं, पाळीवर एकच चालक असतां, मालाच्या पेट्या अडकून चौकट हौदांत उतरेना. चालकानें रुळलेल्या युक्तीनें दार उघडलें. एकट्याच्यानें चौकट हलेना, म्हणून कारखान्याच्या दुसऱ्या विभागांतून त्यानें दोन सोबती बोलावून आणले, आणि तिघांनीं उघड्या कोबाल्टच्या शेजारीं उभें राहून ती हातांनीं मोकळी केली. थोड्याच वेळांत ओकाऱ्या सुरू झाल्या. रुग्णालयांत पहिलें निदान अन्नांतून विषबाधा झाल्याचें झालें. पुढें तिघांपैकीं दोघांचे पाय कापावे लागले, आणि ज्याला सर्वांत अधिक किरण लागले होते तो साडेसहा महिन्यांनीं मरण पावला. कारखाना मात्र त्या रात्रीनंतरही कांहीं दिवस चालूच होता. चौकटीला धक्का पोंचला आहे हें उमगण्यापूर्वींच तिच्यांतील कांड्या निसटून पडल्या होत्या.

आतां सांगा, चूक कोणाची? चालकाची, असें म्हणणाऱ्यास आम्ही उलट विचारतों: मापक काढून टाकण्याचा हुकूम त्या चालकानें दिला काय? नवा मागविण्याचा कागद त्यानें अडवून ठेवला काय? त्याला शिक्षण न देण्याचा ठराव त्यानें केला काय? ज्या दाराला फसविल्यावांचून तें उघडतच नाहीं, त्या दाराला फसविणें हा नियमभंग राहत नाहीं. तोच त्या जागेचा नियम होतो. कारखान्यानें वर्षानुवर्षें रोज जी चूक चालू दिली, ती एका रात्रीं एका माणसाच्या नांवावर चढविणें ही चौकशी नव्हे. याला आमच्याकडे साप म्हणून भुई धोपटणें म्हणतात.

यावर कोणी म्हणेल, हा यादवीनें पिळून निघालेला गरीब देश; सुधारलेल्या राष्ट्रांत असें होत नाहीं. हा आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो, म्हणून त्याला उदाहरणानेंच उत्तर देणें बरें. अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया प्रांतांत इंडियाना नांवाचें गांव आहे. तेथील कर्करोगाच्या एका चिकित्सालयांत नोव्हेंबर १९९२ मध्यें ऐंशी ओलांडलेल्या एका वृद्ध बाईवर इरिडियम-१९२ नें उपचार चालले होते. बारीक तारेच्या टोंकाशीं असलेला इरिडियमचा कण नळीतून शरीरांत जातो व नेमलेला वेळ संपतांच तार त्याला परत आपल्या शिशाच्या घरांत ओढून घेते. त्या दिवशीं तारेचें टोंक तुटून कण बाईच्या शरीरांतच राहिला. यंत्राच्या फळीनें तो परत आल्याची खोटी ग्वाही दिली. परंतु भिंतीवरील किरणमापकाचा तांबडा दिवा लुकलुकत होता. तो खरें बोलत होता. चिकित्सालयांतील लोकांनीं दिव्याकडे पाहिलें आणि ठरविलें कीं मापकच बिघडला आहे, कारण त्यानें पूर्वींही खोटेंच सांगितलें होतें. हातांत धरून तपासावयाचा मापक जवळ असतांना तो कोणी उचलला नाहीं. बाईंना त्यांच्या शुश्रूषागृहांत परत पाठविण्यांत आलें, आणि पांचव्या दिवशीं त्या वारल्या. कण असलेली नळी दरम्यान गळून पडली व कचऱ्यांत गेली. तो कचरा ओहायो प्रांतांतील विल्हेवाटीच्या केंद्रांत पोंचला तेव्हां तेथील मापकाची घंटा वाजली, आणि तेव्हां कोठें शोध लागला. तोंपर्यंत नव्वदांहून अधिक लोकांना कमीअधिक किरण लागले होते. वैद्यकीच्या लोकांनीं आपल्या दिव्यावर विश्वास ठेवला नाहीं. कचरेवाल्यांनीं आपल्या घंटेवर ठेवला.

"लांडगा आला रे आला" ही गोष्ट आम्ही मुलांना सांगतों तेव्हां सारा दोष त्या गुराख्याच्या पोराला देतों. परंतु मापकाला खोटें बोलण्याची खोड जन्मजात नसते. ओलावा, जुनाट तारा, वर्षानुवर्षें न पडताळलेली सुई, यांनीं तो खोटें बोलूं लागतो. आणि पहिल्या खोट्याच वेळीं त्याला दुरुस्त न करणारे गांवकरी पुढच्या प्रत्येक खऱ्या आरोळीचा गळा आधींच दाबून ठेवतात. स्पेनमधील सारागोसा येथें डिसेंबर १९९० मध्यें याच वृत्तीचा दुसरा नमुना दिसला. तेथील यंत्रांत कोबाल्ट नव्हता, विजेच्या बळावर कणांना वेग देणारें तें यंत्र होतें. पण धडा एकच. दुरुस्तीवाला आला, यंत्र दुरुस्त करून गेलें, आणि रुग्णालयाच्या भौतिकशास्त्र विभागास न कळवितां तें उपचारासाठीं चालू झालें. कोणतीही शक्ति निवडली तरी यंत्राची सुई एकाच, सर्वांत मोठ्या आंकड्यावर थांबून राही. लोकांनीं मानलें कीं सुई अडकली आहे. सुई अडकली नव्हती. ती जें होतें तेंच दाखवीत होती. सत्तावीस रुग्णांना दहाएक दिवसांत प्रमाणाबाहेर किरण मिळाले व त्यांतील अनेक त्यामुळें दगावले. दुरुस्ती झाली नाहीं म्हणून माणसें मेलीं, आणि दुरुस्तीची वर्दी दिली नाहीं म्हणूनही मेलीं. निगा म्हणजे नुसतें पान्हें फिरविणें नव्हे. काय केलें हें लिहून ठेवणें, ज्याला कळावयास पाहिजे त्याला कळविणें, आणि त्यानें स्वतः मोजून पाहणें, एवढें सारें मिळून निगा होते.

येथवरच्या गोष्टी परदेशांतील असल्यानें वाचकांनीं त्या कदाचित् स्वस्थपणें वाचल्या असतील. पुढची गोष्ट आमची आहे. आणि ती कारखान्यांतील नसून विद्यापीठांतील आहे.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागांत कॅनडांतून आणलेलें एक गॅमा यंत्र होतें. शिशाच्या जाड पिंपांत कोबाल्ट-६० च्या कांड्या, मध्यें प्रयोगाचा पदार्थ ठेवण्याची जागा, असें त्याचें स्वरूप. १९८५ पासून तें वापरांत नव्हतें. पंचवीस वर्षें तें एका खोलींत पडून राहिलें, आणि फेब्रुवारी २०१० मध्यें विद्यापीठानें तें लिलांवांत भंगार म्हणून विकलें. पश्चिम दिल्लींतील मायापुरीच्या भंगारबाजारांत तें फोडलें गेलें. एप्रिलांत तेथील लोक रुग्णालयांत दाखल होऊं लागले. कोणाची कातडी काळवंडली, कोणाचे केंस गळले. आणि त्यांतील एक कामगार मरण पावला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सात पायऱ्यांच्या मोजपट्टीवर या घटनेला चौथी पायरी मिळाली.

या प्रकरणांतील एक गणित आम्हांस फार बोंचतें. कोबाल्ट-६० चें अर्धायुष्य सव्वापांच वर्षांहून किंचित् अधिक आहे. म्हणजे तेवढ्या काळांत त्याचें तेज निम्म्यावर येतें. १९८५ पासून २०१० पर्यंत पंचवीस वर्षें होतात. त्या अवधींत तेज सुमारें सत्ताविसाव्या हिश्शावर आलें असलें पाहिजे. हें गणित कोणत्याही महाविद्यालयांतील विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पांच मिनिटांत करतो, आणि तें त्याला फळ्यावर शिकविणारे पंडित त्याच आवारांत पगार घेत होते. सत्ताविसावा हिस्सा उरला म्हणजे संपला असें नव्हे. तेवढ्यानें एक मनुष्य मेला. गणित ठाऊक नव्हतें म्हणून हें झालें नाहीं. फळ्यावरील कोबाल्ट आणि कोठीच्या खोलींतील कोबाल्ट हे एकच आहेत, हें ध्यानांत ठेवण्याचें काम कोणाचेंच नव्हतें, म्हणून झालें.

शासकीय मराठींत निरुपयोगी वस्तु दप्तरांतून काढून टाकण्यास "निर्लेखन" असा एक मोठा डौलदार शब्द आहे. समिति बसते, यादी होते, सह्या होतात, आणि डेडस्टॉकच्या रजिस्टरांतील त्या ओळीवर तांबडी रेघ ओढली जाते. मोडकी खुर्ची, फुटका फळा, गंजलेला पंखा, यांच्या बाबतींत हें ठीक आहे. पण त्या रजिस्टरांत जी एकच वस्तु खऱ्या अर्थानें मृत नव्हती, तिलाही खुर्चीपंख्यांच्या पंक्तीस बसवून निकालांत काढावें, यास काय म्हणावें? लेखणीनें निर्लेखन झालें, आणि ज्या मजुरानें तें पिंप फोडलें त्याच्या कातडीवर त्याचें पुनर्लेखन झालें.

असाच प्रकार ब्राझीलमधील गोयानिया शहरांत १९८७ सालीं झाला होता, आणि त्याचा वृत्तांत जगभर छापला गेला होता. एक खाजगी चिकित्सालय जागा बदलून गेलें व सीझियम-१३७ चें उपचारयंत्र मागें सोडून गेलें. दोघांनीं तें भंगार म्हणून उचललें. आंतील चकाकणारी भुकटी लोकांनीं कौतुकानें घरोघर नेली. चौघे मेले, दोनशें एकूणपन्नास लोकांच्या अंगावर वा अंगांत तें द्रव्य सांपडलें, आणि लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. भंगारवाल्याच्या बायकोनेंच अखेर संशय घेऊन तें यंत्र बसनें आरोग्यखात्याकडे नेलें; ती बाई मृतांपैकीं एक होय. डॉक्टर, मालक, अधिकारी अशा साऱ्या शहाण्यांच्या साखळींत रक्षकाचें काम केलें तें एका अशिक्षित स्त्रीनें. पुढें २००७ सालीं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनें एक नवें धोक्याचें चिन्ह प्रसृत केलें: किरण, कवटी व पळणारा मनुष्य. कारण तीन पात्यांचें जुनें चिन्ह ज्यानें पुस्तक वाचलेलें नाहीं त्याला पंख्यासारखें दिसतें, हें उशिरां कां होईना ध्यानांत आलें. आमच्याकडे तर त्या चिन्हाखालची सूचनाही पुष्कळदां इंग्रजींतच असते. ती सूचना कोणासाठीं असते? ज्याला इंग्रजी येतें तो त्या पिंपाला सहसा हातच लावीत नाहीं.

आतां रोगाच्या मुळाकडे येऊं. हातानें करावयाचें काम हलकें आणि तोंडानें करावयाचें श्रेष्ठ, ही आमच्या समाजाची फार जुनी व्याधि आहे. जातींच्या उतरंडीनें कारागिराला विद्येपासून तोडलें आणि विद्वानाला हत्यारापासून तोडलें. इंग्रजी शिक्षण आलें, पदव्या आल्या, प्रयोगशाळा आल्या. ती तोड मात्र सांधली गेली नाहीं. यंत्राचा शोध लावणारा तो शास्त्रज्ञ, यंत्र विकत आणणारा तो कर्तबगार प्राचार्य किंवा संचालक, आणि यंत्र रोज पुसणारा, ऐकणारा, त्याचा आवाज बदललेला प्रथम ओळखणारा तो "मेकॅनिक", त्याला एकेरींत हांक मारावयाची. खरेदीचा समारंभ होतो. नारळ फुटतो, मंत्री येतात, कोनशिला बसते, छायाचित्र निघतें. दसऱ्याला त्याच यंत्राला झेंडूची माळ व गंधाक्षता मिळतात. आम्ही या पूजेची थट्टा करीत नाहीं. आमच्या शेतकऱ्यानें पोळ्याच्या दिवशीं बैलाची पूजा केली तर ती शोभते, कारण वर्षभर तो त्याच्या खुराला पत्री मारतो, खांद्याला तूप लावतो. आमच्या संस्थांतील यंत्राला वर्षांतून एकदां माळ मिळते आणि उरलेले तीनशें चौसष्ट दिवस त्याला देव मानून कोणी हात लावीत नाहीं!

या ठिकाणीं पैशाचा प्रश्न पुढें करण्यांत येतो. देखभालीला निधि नाहीं, असें सांगतात. आम्हांस हें पटत नाहीं. जो निधि खरेदीस पुरतो व देखभालीस पुरत नाहीं, तो अपुरा नसून खरेदीच त्याच्या मानानें मोठी झालेली असते. बैल घ्यावयास पैसे आहेत पण वैरणीला नाहींत, असें म्हणणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही गरीब म्हणणार नाहीं. दुसरें कांहींतरी म्हणूं. शिवाय पंचवीस वर्षें पडून राहिलेल्या पिंपाची नोंद दरवर्षीं एका वहींत करण्यास, आणि ज्यांच्याकडे असली द्रव्यें परत घेण्याची व्यवस्था आहे त्यांना एक पत्र टाकण्यास असा कोणता निधि लागतो?

दुसरा बचाव असा कीं, यासाठीं सरकारी नियामक आहे. आम्ही कशाला डोकें घालावें? अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ सालीं स्थापन झालें. २००४ च्या नियमांनीं मालकावर व संस्थेनें नेमावयाच्या किरणसुरक्षा अधिकाऱ्यावर स्पष्ट कर्तव्यें लादलीं. म्हणजे मायापुरीच्या वेळीं नियम नव्हते असें नाहीं. नियामकाचीही उणीव होतीच. देशाच्या महालेखापरीक्षकांनीं २०१२ च्या अहवालांत दाखवून दिलें कीं, सत्तावन्न हजारांहून अधिक क्ष-किरण केंद्रांपैकीं बावन्न हजारांहून अधिक केंद्रें नोंदणीवांचूनच चाललीं होतीं. त्यानंतर नोंदणीचें काम पुष्कळ पुढें सरकलें आहे, हेंही सांगितलें पाहिजे. परंतु नियामक उद्यां सर्वज्ञ झाला तरी तो वर्षांतून एखादा दिवस येणार. उरलेल्या दिवसांत दाराजवळ उभा असतो तो पाळीवरचा मनुष्य. त्याला "आज यंत्र चालवावयाचें नाहीं" असें म्हणण्याचा अधिकार नसेल, आणि तो वापरला म्हणून त्याच्यावर डोळे वटारले जाणार असतील, तर दिल्लीमुंबईच्या सर्व नियमावल्या बासनांत बांधलेल्या पोथ्यांहून निराळ्या नाहींत.

आमची मागणी म्हणून आम्ही थेट संस्थाचालकांपुढें ठेवतों. ज्याच्या हातीं यंत्राची निगा आहे त्याला अधिकाऱ्याची पायरी, वेतन व शिक्षण द्या, आणि यंत्र थांबविण्याचा त्याचा शब्द उत्पादनाच्या अधिकाऱ्याच्या शब्दाहून वरचढ करा. मापक बिघडला तर तो नीट होईपर्यंत दार बंद राहील, मग मालाच्या पेट्या बाहेर कितीही सांचोत. स्रोत विकत घेतांनाच तो शेवटीं कोण परत नेणार, कधीं आणि कोणाच्या खर्चानें, हें करारांत लिहून घ्या. ज्या वस्तूचें तेज निम्म्यावर येण्यास सीझियमच्या बाबतींत तीस वर्षें लागतात, तिची जबाबदारी तीन वर्षांनीं बदलणाऱ्या विभागप्रमुखाच्या स्मरणशक्तीवर सोंपविणें हा पोरखेळ आहे. सूचना मराठींत लिहा, हिंदींत लिहा, आणि ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांना प्रत्यक्ष बोलावून ती खूण दाखवा. आवारांतील झाडूवालीला आणि दारावरच्या भंगारवाल्यालाही दाखवा.

आणखी एक गोष्ट. आमच्या महाविद्यालयांचे, रुग्णालयांचे वार्षिक अहवाल आमच्याकडे येत असतात. त्यांत नव्या इमारतींचीं चित्रें असतात, पाहुण्यांचीं नांवें असतात, क्रिकेटच्या विजयांची हकीकत असते. यंत्रें किती होतीं, त्यांपैकीं बंद किती, मापकें शेवटीं कोणत्या तारखेस पडताळलीं, घंटा किती वेळां वाजली व तिचें काय केलें, एवढा मजकूर अर्ध्या पानांत मावेल. ज्या संस्थेजवळ किरणोत्सर्गी स्रोत आहे तिनें तें अर्धें पान पुढच्या वर्षींच्या अहवालांत छापावें. तें ज्या संस्था छापतील त्यांच्या अहवालाचा परामर्श घेण्यास या मासिकाच्या संपादकांकडे आम्ही स्वतः जागा मागून घेऊं. आणि ज्या छापणार नाहींत त्यांचीं नांवेंही आम्ही टिपून ठेवूं.